उशिरा लागणारा ब्रेक

हनुमान डायवर दुपारचं जेवण झालं की पलंगावर बसल्याबसल्या ट्रक घेऊन नाशिकला जातो, असं त्याची धाकटी बहीण लहानी घाटाखालच्या उंबरमाळीत दारोदार सांगत असे. सांगताना पदर तोंडाला लावून हसत असे. पण तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. माणूस खरोखरच जात होता, फक्त घराबाहेर पडत नव्हता.

हनुमानाने साठी ओलांडली आहे. उमेदीची सगळी वर्षं त्याने कसाऱ्याचा घाट चढण्या-उतरण्यात घालवली. वर जाताना सिमेंट, खाली येताना कांदा. बाकीचे ड्रायव्हर ढाब्यावर पत्ते कुटत, तेव्हा हा गडी चाकांना हात लावून ती किती तापली ते बघत फिरे. आपली गाडी जन्मात कुठे घासली नाही याचा त्याला इतका गर्व होता, की ऐकणाऱ्याला जांभया येत. मग बायको गेली. यमू गेली त्याच्या पुढच्याच वर्षी साखरेने दावा साधला. डाव्या पायाला फोड आला, चिघळला, आणि पंजा कापावा लागला. क्लचचा पाय गेला म्हणजे ड्रायव्हर संपला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

घरात उरली दोघंच, तो आणि मुलगी रविना. रविना कॉम्प्युटर शिकलेली, ठाण्याला एका कंपनीत लागलेली. पहिल्या बोनसात तिने सुटे भाग आणून गेम खेळायचा एक कॉम्प्युटर स्वतःच जोडला होता. चांगला गुडघ्याएवढा काळा डबा, आत निळे-लाल दिवे. चालू केला की पंखा असा घोंगावे की लहानी शेजारच्या घरातून ओरडायची, "पिठाची गिरन टाकलीस काय गो?" बाप कुबड्या भिंतीला टेकवून दिवसभर आढ्याकडे बघत पडतो, हे पोरीला बघवेना. एका रविवारी तिने गेमचं स्टीअरिंग आणलं, टेबलाला घट्ट आवळलं, खाली दोन पेडल ठेवले आणि म्हणाली, "बसा बाबा. क्लच बटनावर हाय. ब्रेक उजव्या पायानं मारा."

"गेम पोरांनी खेलायचा गो."

"मग मी पोरच हाय ना. मी क्लीनर होते, तुमी चालवा."

आणि झाली की क्लीनर! पलंगाशेजारच्या पत्र्याच्या पेटीवर बसून ती डावी बाजू सांभाळायची. खऱ्या गाडीवर क्लीनर पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला कळवतो, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. रविना पेटीवर तशाच थापा मारायची. कुणा हौशी पोराने आपल्या घाटासारखा रस्ता तयार करून नेटवर ठेवला होता, तो तिने शोधून गेममध्ये घातला. ट्रकही आपल्याकडचा, रंगीत केबिनचा. त्याच्या कपाळावर तिने आईचं नाव रंगवलं. 'यमू' ही अक्षरं बघितल्यावर हनुमानाने त्या दिवशी ट्रक हलवलाच नाही. नुसता घाटाच्या कडेला उभा करून बघत बसला. तसे ते दिवस सुखाचे होते. कामावरून दमून आलेली पोर जेवणाआधी बापाला एक फेरी मारून आणायची.

पुढे रविनाला पुण्यात बरी नोकरी लागली. बापाने स्वतःच रेटून पाठवलं तिला. पण ती गेल्यावर घर खायला उठलं. ट्रक तोच होता, घाट तोच होता, ब्रेक पायाखाली होता, पण पेटीवर कुणी नव्हतं. वळण आलं की हनुमान सवयीने डावीकडे मान करून विचारायचा, "मोकला हाय काय गो?" आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळायचा. लहानी भाकरी-कालवण घेऊन यायची, दोन घटका बसायची. पण तिला स्क्रीनकडे बघितलं की चक्कर येई, आणि तिच्या सुनेचं पुराण एकदा सुरू झालं की हनुमानाला. खरं सांगायचं तर त्याला बोलायला माणूस नको होतं. शेजारी बसायला हवं होतं. ते काही कुणाकडे मागता येत नाही.

त्या काळ्या डब्याचंही वय झालं. उन्हाळ्यात तापून मधेच बंद पडायला लागला. दिवाळीला रविना आली तोवर गावात तारेचं नेट आलं होतं. तिने भिंतीवर वायफायचा डबा बसवून घेतला, टीव्हीच्या मागे काडेपेटीएवढी वस्तू खोचली आणि म्हणाली, "आता मशिन लागनारच नाय बाबा. ट्रक कंपनीच्या मशिनवर चालनार, तिकडं मुंबईच्या बाजूला कुटंतरी. आपल्याकडं नुस्तं चित्र येनार. पंखा नाय, गरम नाय, काय नाय."

हनुमानाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मंग ब्रेक कोन मारनार?"

"तुमीच की. पाय तुमचा हितं, ब्रेक तिकडं."

हनुमान हसला, त्याला वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. त्याने गाडी सुरू केली. रस्ता परदेशातला होता, दोन्ही बाजूंना बर्फ. आपला घाट त्यात घालता येत नव्हता. कंपनीची मशिन म्हणजे भाड्याचं घर, तिथे आपल्याला खिळा ठोकायचीही मुभा नसते. त्यामुळे यमूचं नावही नव्हतं. हातातलं स्टीअरिंग खड्ड्यावर पूर्वीसारखं थरथरत नव्हतं. हे सगळं त्याने गिळलं. पण पहिला उतार आला, वळण आलं, त्याने ब्रेक दाबला आणि ट्रक थांबलाच नाही. म्हणजे थांबला, पण डोळ्याची पापणी लवायला वेळ लागतो तेवढ्या उशिराने. तोवर नाक कठड्यात घुसलं होतं.

जन्मात पहिल्यांदा हनुमान डायवरची गाडी घासली. त्याचे कान लाल झाले.

"ब्रेक मागनं येतो गो याचा."

"थोडा येनारच बाबा. तुमी दाबलं की ते तारेनं तिकडं जातं, मशिन ट्रक थांबवते, मग चित्र हिकडं येतं."

"घाटात एवडा उशीर झाला तं मानूस दरीत जातो."

"गेम हाय ना बाबा."

हे तिने बोलायला नको होतं. तिलाही ते लगेच कळलं असावं, कारण ती उठून नेहमीच्या जागी, पेटीवर येऊन बसली. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "जुन्याची सर याला नाय, मला पन कलतं. पन जुन्यावर मी कशी येऊ? त्या मशिनला दोन ट्रक झेपत नाय, आनि माज्या खोलीत मशिनच नाय. यावर मी पुन्यातनं माझा ट्रक घेऊन येईन. तुमी मागं, मी पुढं. दर रविवारी संध्याकाली. बोलू पन."

आता बोला! एकीकडे पायाखाली हुकमी ब्रेक, आपला घाट, कपाळावर यमू आणि शेजारी रिकामी पेटी. दुसरीकडे परका रस्ता, उशिरा लागणारा ब्रेक, आणि त्या रस्त्यावर पोरगी. हनुमानाने फार विचार केला नाही. दुधाची तहान ताकावर भागवायची तर भागवायची. त्याने काळ्या डब्यावर यमूची जुनी नऊवारी पांघरली.

मग त्याने जे केलं ते कुणाला पटणार नाही. आयुष्यभर पायात मुरलेली विद्या त्याने म्हातारपणी मोडून काढली. रोज दुपारी एकटा बसून तो त्या बर्फाच्या उतारावर आधी ब्रेक दाबायला शिकला. वळण दिसायच्या आधीच पाय टाकायचा, म्हणजे वळण येईपर्यंत ब्रेक पोचतो. शंभरदा आपटला. आपटला की इकडेतिकडे बघून घ्यायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. रविवारपर्यंत बरं जमायचं. रविवारी दाढी करायची, धुतलेला शर्ट घालायचा, कानाला तो हेडफोन लावायचा आणि टीव्हीच्या कोपऱ्यात रविनाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायची वाट बघायची. ठिपका लागला की तिचा आवाज यायचा, "बाबा, पुढं उतार हाय, दमानं." जणू पेटीवरच बसली आहे. वाऱ्याने तार हलली की चित्राचे तुकडे व्हायचे, तिचा ट्रक मधेच हवेत टांगलेला दिसायचा, आणि दोघं हसून हसून थकायची. त्या एका तासासाठी हनुमान आठवडा ढकलायचा. मशिन दूर असली तरी चालते का, या प्रश्नावर शिकलेले लोक नेटवर भांडतात म्हणे. हनुमानाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मशिन कुठेही राहू दे, माणूस आलं पाहिजे.

पण नव्याचे नऊ दिवस. तासाचा अर्धा तास झाला. मग एका रविवारी मिटिंग निघाली. पुढच्या रविवारी ती आली, पण बोलताना मधेच गप्प व्हायची, तिचा ट्रक सुसाट पुढे निघून जायचा, आणि हनुमान एकटाच त्या पांढऱ्या रस्त्यावर उरायचा. मग पुन्हा मिटिंग. रविवारी संध्याकाळी कसल्या मिटिंगा असतात, असं लहानीने विचारलंसुद्धा. हनुमान तिच्यावरच खेकसला, "तुला काय कलतं गो कंपनीतलं!"

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता. चार वाजताच फोनवर रविनाचा निरोप आला होता, आज मिटिंग आहे, जमणार नाही. तरी हनुमान दाढी करून बसला. मिटिंग लवकर सुटलीच तर? संध्याकाळी कोपऱ्यातला हिरवा ठिपका लागला आणि त्याचा जीव हरखला. त्याने हेडफोन सारखा केला. पण आवाज येईना. चष्मा वर करून त्याने नीट वाचलं. तिच्या नावाखाली दुसऱ्याच गेमचं नाव होतं, बंदुकांच्या कसल्या तरी. सोबत आणखी तीन नावं होती. पुण्यातली मैत्रिणी-मित्रमंडळी असतील. ती खेळत होती.

रविनाला कुणी नावं ठेवू नयेत. सत्ताविशीतली पोर, आठवडाभर मान मोडून राबते, रविवारी तिला चार समवयस्कांत आरडाओरडा करावासा वाटणारच. बापाच्या पुढे रांगत्या चालीने ट्रक हाकायचा कुणालाही कंटाळा येईल. पण कंटाळा आला असं बापाला सांगवत नाही. म्हणून मिटिंग. माया आहे म्हणूनच खोटं बोलली बिचारी, नाहीतर सरळ सांगून मोकळी झाली असती. हनुमानाला हे सगळं कळलं. कळलं म्हणून काही कमी दुखलं नाही.

काय करावं ते न सुचून त्याने गाडी सुरू केली. आणि नेमकं त्याच दिवशी नेट असं काही झकास होतं, की ब्रेक दाबताक्षणी लागला. सवयीने त्याने आधीच दाबला होता, त्यामुळे ट्रक वळणाच्या कितीतरी अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर मधोमध उभा राहिला.

तिथेच त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. आपल्याला तिचा ठिपका दिसतो, तर तिलाही आपला दिसत असेल! आपण दाढीबिढी करून बसलो आहोत, तिचं नाव बघतो आहोत, हे तिला तिथे कळत असेल. पोरीच्या हातातला खेळ गळून पडेल. तो कुबडी न घेताच उठला, भिंतीला धरून लंगडत गेला आणि वायफायच्या डब्याची पिन ओढून काढली. टीव्हीवरचा बर्फ गेला, घरात अंधारून आलं. वरून घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे आवाज तेवढे येत राहिले.

सकाळी रविनाचा फोन आला. आवाजात चोरटेपणा होता. "बाबा, काल मिटिंग लांबली ओ. तुमी वाट बघितली काय?"

"कसली वाट? हिकडं काल नेटच नव्हतं."

"अजाबात नव्हतं?"

"सकालधरनं नव्हतं. तार तुटलीय कुटंतरी. मी आपला लहानीकडं जाऊन बसलो."

पलीकडून पोरीने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. "बरं झालं मग," ती म्हणाली, आणि लगेच सावरून, "म्हंजे तुमचा खोलंबा नाय झाला. पुढच्या रविवारी येऊ?"

"नेटचा काय भरोसा नाय आता. तू अडकून नको बसू गो. चालू झालं की मीच फोन करीन."

"नक्की ना?"

"नक्की."

त्याने फोन काही केला नाही. दुसऱ्या रविवारी कालवण घेऊन आलेल्या लहानीने बघितलं, दादा धुतलेला शर्ट घालून बसला आहे आणि वायफायच्या डब्याची पिन काढून त्याने उशाशी ठेवली आहे.

"बंद कशाला केलंस रं दादा? पोरगी यायची येल झाली ना?"

"म्हनूनच," हनुमान म्हणाला. "चालू ठेवलं तं तिला दिसतं गो, मी बसलोय ते."