शेवटच्या तासाचं टेंडर

मला शिकवता येत नाही, हे साठी उलटून गेल्यावर कळलं. तोवर माझा समज असा की सिकंदराबादपासून दिलसुखनगरपर्यंत टेंडर भरायला शिकवणारा माझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. बायको म्हणायची, "शोधायला निघालंय कोण?" ती चेष्टेत म्हणायची आणि मी चिडायचो. राग माझ्या नाकावरच असतो, नोकरीतही होता.

नोकरी बांधकामाच्या एका सरकारी खात्यात. सगळी वर्षं टेंडरच्या टेबलावर गेली. रस्ता, नाली, शाळेची खोली, दवाखान्याची भिंत, सरकार जे काही बांधतं त्याची जाहिरात काढायची, कंत्राटदारांचे बंद लिफाफे घ्यायचे, ठरल्या दिवशी ते सगळ्यांसमोर फोडायचे आणि ज्याचा रेट सगळ्यात कमी त्याला काम द्यायचं. सांगायला इतकं सोपं. पण एक दाखला कमी पडला की लिफाफा बाद, आणि बाद व्हायचे ते नेहमी लहान माणसांचे. मोठ्यांकडे कागद सांभाळायला माणसं असतात. लहान कंत्राटदार सकाळी सेंट्रिंग ठोकणार आणि दुपारी त्याच हातांनी फॉर्म भरणार. त्यांचे लिफाफे परत करताना मला वाईट वाटायचं, हे अगदी खरं आहे. म्हणून रिटायर झाल्यावर तारनाक्याच्या घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि सांगून टाकलं, या, फुकट शिकवतो.

लोक आले. रंगारी आले, बोअर मारणारे आले, नाल्या बांधणारे आले. बहुतेक आपलेच, आजोबांच्या वेळी बिदर-नांदेडकडून इकडे आलेल्या घरांतले. आता लिफाफे गेले होते, सगळं ऑनलाइन. प्रत्येकाचं डिजिटल सहीचं टोकन असतं, पेनड्राइव्हएवढं. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की सही झाली. दोन वेळा मी नीट समजावून सांगायचो. तिसऱ्या वेळी माणूस चुकीच्या जागी क्लिक करायचा आणि माझं डोकं फिरायचं. "सरक, मी भरतो." तेही खूश. हळूहळू टोकनं माझ्याकडेच ठेवायला लागले. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी ती ठेवायचो, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवून. सोयीसाठी सगळ्यांना पिनही एकच लावून दिला होता. डबा भरत गेला आणि शिकून गेलेला माणूस एकही नव्हता. मला डबा तेवढा दिसायचा, आणि बरं वाटायचं.

मग ती आली. दिलसुखनगरच्या बाजूला राहणारी, पस्तिशीची बाई. नवरा मेस्त्री, म्हणजे गवंड्यांचा मुकादम. दोघं मिळून लहान कामं करायची, पण सगळी एका मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली. भिंत यांनी बांधायची आणि कामाच्या जागी जो पत्र्याचा बोर्ड लागतो त्यावर नाव त्याचं. काम पुरं झाल्यावर सरकारकडून मिळणारा अनुभवाचा दाखलाही त्याच्याच नावाचा. त्या दाखल्याशिवाय मोठ्या टेंडरला कुणी उभं करत नाही. इतकी वर्षं राबून या दोघांच्या नावावर सरकारी वीटसुद्धा नव्हती.

पहिल्याच दिवशी पाण्याचा ग्लास खाली ठेवत ती म्हणाली, "काका, मला भरून नक्को. शिकवा."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

"हौ, म्हणत असतील. मला खरंच शिकायचं आहे."

ती एक वही घेऊन यायची. मी जे सांगेन ते मराठीत लिहायची, अक्षर शाळेतल्या पोरीसारखं गोल. कुठलं बटण कुठं आहे त्याची चित्रंसुद्धा काढायची. मला त्या चित्रांचा वैताग यायचा. "अगं, समोर दिसतंय ना, काढतेस काय त्याचं?" ती चित्र काढून पुरं करायची. पहिल्या दिवशी मी तिला नियम म्हणून सांगितलं होतं की टोकन आपल्याजवळ ठेवावं आणि पिन कुणाला सांगू नये. हे मी सगळ्यांनाच सांगायचो, मग त्यांची टोकनं डब्यात टाकायचो. नेहमीचा पिन तिच्याही टोकनाला मीच लावून दिला होता, पण टोकन तिनं डब्यात ठेवलं नाही. पर्समध्ये रुमालात बांधून घरी न्यायची. मला जरा लागलंच होतं ते.

दोन महिन्यांनी जाहिरात निघाली. एका जुन्या सरकारी शाळेच्या दोन खोल्यांचं छत आणि कंपाउंडची भिंत. लहान कंत्राटदारांसाठीच काढलेलं काम, अनुभवाच्या दाखल्याची अट नव्हती. जाहिरात वाचता वाचता ती थांबली. "काका, ही माझी शाळा. सातवीपर्यंत इथंच होते मी, तेव्हा मराठीत शिकवायचे."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. नवऱ्याला घेऊन शाळेत जाऊन आली, भिंत पावलांनी मोजून आली, मग टेपनं मोजून आली. दाखले गोळा केले, अनामत भरली, एकेक कागद स्वतः स्कॅन करून चढवला. मी मागे खुर्ची टाकून बसलेलो. दोनदा माझा हात माऊसकडे गेला आणि दोनदा तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं तयार होतं. नवऱ्याशी बोलून ठरवलेला रेट तिनं मला वहीत दाखवला. बरोबर काढला होता. इतका बरोबर की मला खोडायला काही सापडलं नाही. आता रेट टाकायचा, सही करायची आणि सबमिट दाबायचं, एवढंच राहिलं होतं.

"दाबू, काका?"

"नाही. उद्या दुपारी तीनपर्यंत वेळ आहे. उद्या दोनला ये."

"कायकू पण? सगळं झालंय की."

हे का, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्या वेळी ऑफिसच्या वऱ्हांड्यात टेंडरची लाकडी पेटी असायची, कुलूप लावलेली, लाखेचं सील केलेली. तरी रेट बाहेर जायचे. आज पेटीत लिफाफा टाकला की संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे त्यातला आकडा पोचलेला असायचा, आणि दुसरा कुणी त्याहून कमी रेट भरून मोकळा व्हायचा. मी कुणाला कधी काही सांगितलं नाही. पण कोण सांगतं ते मला माहीत होतं आणि मी तोंड शिवून बसलो, तेही लिहून ठेवतो. म्हणून जुने मुरलेले कंत्राटदार लिफाफा पोटाशी धरून जिन्यात उभे राहायचे आणि वेळ संपायला काही मिनिटं असताना पेटीत टाकायचे. शेवटच्या तासात भरतो तो शहाणा, हे माझ्या हाडांत गेलं होतं. ऑनलाइन आलं तरी मी सगळ्यांची टेंडरं शेवटच्या तासातच भरायचो.

तिनं नियमांचा कागद उघडून दाखवला. "काका, इथं लिहिलंय. उघडायच्या वेळेआधी रेट कुणालाच दिसत नाही. कुलपात असतो."

"लिहिलेलं बरंच असतं. मी पेट्यांची कुलपं बघितली आहेत. मला शिकवू नकोस."

तिनं वही मिटली. "बरं," म्हणाली. ती माझं ऐकायची, हेच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती दोनच्या आधीच आली, नवऱ्याला कामावर पाठवून. मी जेवत होतो. मी सावकाश जेवलो, ताक घेतलं, हात पुसत आलो तेव्हा सव्वादोन झाले होते. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसली होती. टोकन लावलेलं, पान उघडलेलं.

"ऊठ," मी म्हणालो.

"काका, मी करते ना. तुम्ही बघा फक्त."

"आता शिकायची वेळ नाही. उद्या दे परीक्षा. ऊठ बघू."

ती उठली. मी बसलो, रेट टाकला, तिच्याकडून तपासून घेतला. सहीसाठी कॉम्प्युटरनं पिन मागितला तसा मी तो टाकला, नेहमीचा, डब्यातल्या सगळ्यांचा. चुकीचा पिन, असं आलं. मला वाटलं बोट घसरलं.

"काका, पिन..."

"थांब."

पुन्हा टाकला. पुन्हा चूक. मला वाटलं कीबोर्डचं ते मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं गेलंय. ते बघितलं, पुन्हा टाकला.

"काका, ऐका ना जरा, तो पिन..."

"गप्प बस गं, मधे मधे बोलू नकोस. मला काम करू दे."

ती मागे सरकून उभी राहिली. मी टोकन काढून पुसलं, दुसऱ्या जागी लावलं आणि अजून टाकत राहिलो. कितीदा टाकला ते मोजलं नाही. मग पडद्यावर एक चौकट आली की टोकन लॉक झालं आहे.

तिनं पिन बदलला होता. कुणाला सांगू नये म्हणून मीच सांगितलेलं, तर मी लावून दिलेला, मला माहीत असलेला पिन तिनं पहिल्याच आठवड्यात बदलून टाकला होता. हेच ती सांगत होती. एका शब्दाचं काम होतं.

पावणेतीन वाजायला आले होते. टोकन विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, लॉक झालेलं खुलत नाही, नवीन घ्यावं लागेल, दोन दिवस लागतील. मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष? मग आणखी एक-दोघांना फोन केले, उगाच. ती माझ्या मागे उभी होती, पर्सचा पट्टा दोन्ही हातांत धरून. आदल्या दिवशी दाबलं असतं तर, हे आम्हा दोघांच्याही मनात होतं. बरोबर तीनला सबमिटचं बटण फिकं झालं.

मी माफी मागितली नाही. "सिस्टीमच भिकार आहे," असं म्हणालो. काय माणूस आहे मी! तिनं टोकन काढून रुमालात बांधलं, उघडी पानं एकेक करून बंद केली, मी शिकवलं होतं त्या क्रमानं कॉम्प्युटर बंद केला आणि "येते, काका" म्हणाली. ती गेल्यावर बायको आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "तिला बोलू का दिलं नाहीस?" एवढंच विचारलं.

टेंडर उघडलं तेव्हा मी वेबसाइटवर बघितलं. काम त्याच मोठ्या कंत्राटदाराला गेलं होतं, लहानांसाठीचं म्हणून भाच्याच्या नावावर भरलेलं. त्याचा रेट तिच्या रेटपेक्षा जास्त होता.

त्यानंतर मी डबा रिकामा केला. एकेकाला बोलावून टोकन हातात दिलं आणि सांगितलं, पिन बदला, मलाही सांगू नका. काहींना राग आला, काही परत आलेच नाहीत. जे येतात ते खुर्चीवर बसतात आणि मी दारापाशी स्टुलावर बसतो, माऊसपर्यंत हात पोचणार नाही इतका लांब. चुकले की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्यांची चूक त्यांच्या हातून दुरुस्त होईपर्यंत वेळ लागतो, लागू दे. आणि सगळ्यांची टेंडरं मी आता दोन दिवस आधी भरायला लावतो. हे सगळं मी तिच्यासाठी करू शकलो असतो. तिला तर फक्त माझी खुर्ची हवी होती.

ती पुन्हा आली नाही. फोन करायचं मी तीनदा ठरवलं आणि केला नाही. शेवटी शाळेचं काम सुरू झाल्याचं कळलं तेव्हा बसनं तिकडं गेलो. फाटकापाशी पत्र्याचा नवा बोर्ड होता, भाच्याच्या नावाचा. आत तिचा नवरा माणसांना घेऊन छताचं काम करत होता, आणि ती कंपाउंडच्या ताज्या भिंतीला पाइपनं पाणी मारत होती. म्हणजे काम त्यांनीच चालवलं होतं, नेहमीसारखं, दुसऱ्याच्या नावावर.

मला बघून तिनं पाइप बाजूला धरला. "या, काका. चहा सांगू?"

"नको." येताना बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "माझं चुकलं, पोरी."

पलीकडची एक खोली दाखवून ती म्हणाली, तिथं आमचा सातवीचा वर्ग होता. मग म्हणाली, "त्या दिवशी मला खुर्चीवर बसू द्यायचं होतं, काका."

"हो."

"दोन मिनिटांचं काम होतं."

"हो. तुझा रेट कमी होता गं. काम तुलाच मिळालं असतं."

"माहीत आहे. उघडलं त्याच दिवशी बघितलं मी." तिनं पाइप पुन्हा भिंतीवर धरला. पाणी विटांवरून खाली ओघळत होतं. "आपला रेट मात्र कुणाला कळला नाही, काका. अजूनपर्यंत नाही."

टोमणा असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतला असता. तो टोमणा नव्हता. ती जे झालं तेवढंच सांगत होती.