चिमूटभर जुनी खडीसाखर

परवा सकाळी इतवारीतल्या आमच्या भट्टीत एक पातेलं उघडलं... त्याची ही हकीकत.

आमचा धंदा खडीसाखरेचा. पातेल्यात दोरे ताणायचे, दाट पाक ओतायचा, वर पोतं झाकायचं आणि अजिबात हलवायचं नाही... आठवडाभरात दोऱ्यांवर खडे धरतात. पाक करायचे हे. तो निवला की जुन्या खडीसाखरेची चिमूट त्यात टाकायचे मी. सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती. घरातल्या सवाष्णीनं टाकायची, म्हणजे लक्ष्मी बसते.

होळीनंतर हे गेले. भट्टी थंड पडली. मग ठरवलं, पाक मला येतो, भट्टी मी चालवीन. लढाईपायी साखर कंट्रोलवर... वाट्याला आली तेवढी सगळी एकाच पातेल्यात घातली. चिमूट मात्र टाकली नाही. कोणी अडवलं नव्हतं, माझाच हात मागे आला.

आठवडा उलटला तरी दोरे कोरेच. पाक आपला गप्प बसलेला. धाकटे दीर सीताबर्डीला कापडाच्या दुकानात असतात, ते येऊन डोकावले. "वयनी, ते दादाच्या हाताची बरकत होती. पाक मिठाईवाल्या हलवायाले देऊन टाकू, अन् जागा किरायानं." वाईट मनानं बोलले नाहीत. पण रविवारी हलवायाचा माणूस येणार, हे ठरवूनच गेले.

आता जरा माझ्या सवयीबद्दल. अक्षरं मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले, त्यामुळे रद्दी आधी वाचते, मग फाडते. हे हसायचे, म्हणायचे, गिऱ्हाईक उभं आहे आणि तुझा अध्याय संपेना... त्या दिवशी रद्दीत शाळेचं रसायनाचं पुस्तक निघालं.

त्यात लिहिलं होतं, वाळू पाण्यात टाकली तर ती तळाशी बसते, ते नुसतं मिश्रण. साखर टाकली तर ते द्रावण. साखर दिसत नाही, पण पाण्यात असते... ही ओळ मी दोनदा वाचली.

पुढे होतं की गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. आणखी विरघळेनाशी झाली की द्रावण संपृक्त झालं. ते न हलवता निवलं, तर कधी कधी मावते त्याहून जास्त साखर आत अडकून राहते. मग त्याच पदार्थाचा बारीकसा कण टाकायचा. त्याला धरून बाकीची बाहेर येते.

मी पुस्तक मिटलं. अडलं होतं ते माझ्या चिमटीपाशी.

जाऊ सुमन जवळच गहू निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी टाकून देतो ना, बाई. सवाष्णीचा हात लागला म्हणजे कोणाले बोलाले जागा नाही."

तिनं टाकली असती तरी खडे धरलेच असते, हे मला कळत होतं. पण मग दर पातेल्याला तिला बोलवावं लागलं असतं... आणि भट्टी कधीच माझी झाली नसती.

"नाही वं सुमन, मीच टाकीन. कोणाच्या हातानं टाकायची, ते पुस्तकात लिहिलं नाही."

"अन् नाही जमलं तर?"

"तर हलवायाकडे पातेलं मीच पोचवीन."

डबीत जुनी खडीसाखर होती. यांच्या शेवटच्या पातेल्यातली. बारीक केली, पाकात टाकली, पोतं झाकलं.

रविवारी हलवायाचा माणूस डबे घेऊन दारात उभा. दिरांनी पोतं काढलं. वरून काहीच दिसेना... मग मी एक दोरा उचलला. तो जड लागला. अजून बारीकच होते, पण दोराभर खडे होते.

दिरांनी एक खडा तोडून तोंडात टाकला. मग त्या माणसाला म्हणाले, "जा गा तू." आणि मला विचारलं, "वयनी, पुढच्या खेपेले साखर किती सांगू?"

ते पुस्तक ज्यानं कोणी रद्दीत घातलं, त्याचे उपकार मानते. त्या पानांच्या पुड्या बांधणार नाही.

आणि डबीत या पातेल्यातले दोन खडे ठेवले आहेत... पुढच्या चिमटीला.