दहा दिवसांतला एकच रविवार

माझे वडील संगमनेरच्या एका दूध संघात गुरांचे डॉक्टर होते. माझ्या जन्माच्या आधी त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवलं होतं. संकरित गाईंच्या पैदाशीचं शिक्षण घेऊन ते परतले, आणि सोबत गोल्फची एक काठी घेऊन आले, सात नंबरची. ते ज्यांच्या घरी राहत होते त्या निवृत्त पोस्टमननं निरोप देताना ती त्यांच्या हातात ठेवली होती. आमच्या घरी ती दारामागे छत्रीशेजारी उभी असे. धुण्याभांड्याच्या मावशी ती साप मारायची काठी आहे असंच समजत आणि झाडताना तिला हात लावत नसत.

पावसाळा सरून प्रवरेचं पाणी उतरलं की नदीच्या एका वळणावर वाळूत आखूड गवताचा पट्टा उघडा पडे. बाबा संध्याकाळी तिथं जाऊन चार-पाच चेंडू मारत आणि तेच शोधून पुन्हा मारत. दिवाळीनंतर तिथं मेंढरांचा वाडा पडे. त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाशी बाबांची ओळख होती, कारण त्याच्या मेंढ्यांना लस तेच टोचत. बाबांनी त्याला एकदा सांगितलं, की विलायतेत हा खेळ सुरू झाला तोच मुळी समुद्रकाठच्या पडीक, वाळूच्या जमिनीवर. तिला तिकडे लिंक्स म्हणतात. गवत मेंढ्यांनी खाऊन खाऊन आखूड केलं, आणि वारा चुकवायला मेंढ्या जिथं बसायच्या तिथं खड्डे पडले. आता खेळणाऱ्यांचे चेंडू त्याच खड्ड्यांत अडकतात.

म्हातारा म्हणाला, "मंग तिथं बी आमच्याच लोकांचं काम हाय म्हना की."

बाबांना हे इतकं आवडलं, की पुढे कितीतरी वर्षं ते घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवत.

पूर्ण अठरा होलचा, म्हणजे एकामागून एक अठरा खळग्यांत चेंडू घालायचा, खेळ मात्र ते आयुष्यात मोजून तीनदा खेळले होते. नगरमधल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुत्र्यावर त्यांनी उपचार केले होते, त्या ओळखीनं तिथल्या लष्करी मैदानावर त्यांना तीन वेळा जायला मिळालं. पाण्याची टंचाई, म्हणून होलभोवती हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेली वाळू होती. तिन्ही वेळा मी सोबत होते, आणि परत येताना ते एसटीत माझ्याशी एवढं बोलले, की शेजारचा प्रवासी उठून मागच्या बाकावर गेला.

अठ्ठ्याण्णव साली ते निवृत्त झाले. महिनाभरानं जेवताना त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या जुलैमध्ये ते आणि आई स्कॉटलंडला जाणार. त्या वर्षीची ओपन, म्हणजे गोल्फची सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा, कार्नूस्टी या समुद्रकाठच्या गावी होती, आणि तिथून खाडी ओलांडली की सेंट अँड्र्यूज, जिथं हा खेळ शेकडो वर्षं चालत आलाय. स्पर्धा बघायची आणि सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर स्वतः खेळायचं, असा त्यांचा बेत होता.

आईनं कधी गोल्फच्या चेंडूला हात लावला नव्हता. ती शाळेत गणित शिकवायची आणि वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तीच करायची. तिनं एवढंच विचारलं, "जुलैत शाळा सुरू असते. मला रजा किती मिळेल?" मुख्याध्यापकांनी दहा दिवस दिले.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. जुन्या मैदानाखेरीज बाबांनी आणखी सात लहान मैदानांची यादी केली होती. प्रत्येकासमोर वारा कुठून येतो, वाळू कशी आहे, मेंढ्या कधीपर्यंत चरत होत्या, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. आईनं ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला, त्यावर पट्टीनं चौकोन आखले आणि बाबांना समोर बसवलं. अठरा होलना किती वेळ लागतो, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, चार तास. चेंडू शोधायचे धरून का, असं तिनं विचारल्यावर ते यादी चाळू लागले. तिनं पाच तास लिहिले. सातांची यादी आठवडाभरात तीनांवर आली. राहिलेल्या चार मैदानांची नावं बाबांनी खोडली नाहीत, नुसती कंसात टाकली.

पत्रं मी टाईप करत असे. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. उत्तरं कधी पोस्टानं येत, कधी बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या फॅक्सवर. फॅक्स आला की तो सायकलवरून येऊन फाटकातूनच सांगे, "सर, तुमच्या मैदानाचा कागद आलाय." सेंट अँड्र्यूजला एका बाईंच्या घरी खोली मिळाली. लहान मैदानांचीही उत्तरं आली, या, खेळा, काही अट नाही. स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाची, रविवारची, दोन तिकिटं एका एजंटामार्फत नक्की झाली. जुन्या मैदानाचं उत्तर तेवढं येत नव्हतं. बाबा म्हणत, मोठी माणसं आहेत, वेळ लागायचाच.

मार्चमध्ये आई कपाट आवरत होती. जनावरांच्या रोगांवरच्या एका जाड पुस्तकात तिला ते उत्तर सापडलं. जानेवारीतच आलं होतं. तिनं ते मला वाचायला दिलं. सभ्य भाषेत लिहिलं होतं, की खेळायला येणाऱ्यानं हँडिकॅपचा दाखला सोबत आणावा. म्हणजे हा माणूस साधारण किती बरा खेळतो, याचं त्याच्या क्लबनं दिलेलं प्रमाणपत्र. बाबा कुठल्याच क्लबचे सभासद नव्हते. नदीकाठच्या वाळूत मारलेल्या फटक्यांचा दाखला कोण देणार?

दोन महिने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दूध संघातल्या जुन्या सहकाऱ्यांनी तोवर त्यांचा त्या मैदानावर खेळायला जाणार म्हणून सत्कार केला होता, शाल आणि नारळ देऊन.

मला वाटलं, आई रागावणार. संध्याकाळी बाबा आले तेव्हा पत्र टेबलावर होतं. त्यांनी ते पाहिलं आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसले. नगरच्या त्या अधिकाऱ्यानं दाखला लिहून द्यायची तयारी दाखवली होती, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पण तीन वेळा खेळलेल्या माणसाला नियमित खेळाडू म्हणून लिहायचं, हे त्यांच्याच्यानं झालं नाही. आजारी जनावर तंदुरुस्त आहे असा दाखला मी तीस वर्षांत कधी दिला नाही, मग स्वतःसाठी कसा घेऊ, असं ते म्हणाले.

आई उठून आत गेली आणि स्कॉटलंडच्या पर्यटन खात्याकडून आलेली पुस्तिका घेऊन आली. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती, बाबांनी फक्त मैदानांची पानं वाचली होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. रविवारी त्या जुन्या मैदानावर खेळ बंद असतो आणि ते सगळ्यांसाठी खुलं असतं. कुणीही यावं, फिरावं.

"खेळता नाही येणार," ती म्हणाली. "पण चालता येईल. पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत. त्याला दाखला लागत नाही."

बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा पडला. त्या दहा दिवसांत रविवार एकच होता, आणि त्याच रविवारी खाडीपलीकडे स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. तिकिटं पक्की होती.

आईनं कागद पुढे ओढला. "एका तासाला दोन विषय बसत नाहीत. तुम्ही ठरवा."

बाबांनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी मला एजंटाला फोन करायला सांगितलं. रविवारची तिकिटं परत द्यायची आणि सरावाच्या बुधवारची घ्यायची. एवढं सांगून ते पेपर वाचायला लागले. तो पेपर आदल्या दिवशीचा होता.

जुलैत ते गेले. आईच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दोन स्वेटर आणि ते वेळापत्रक होतं. परतल्यावर आठवडाभर रोज रात्री जेवताना मी दोघांकडून हकिकत ऐकली, आणि दोघांची कधीही जुळली नाही. बुधवारी त्यांनी जगातले मोठे खेळाडू दहा हातांवरून पाहिले, यावर मात्र एकमत होतं. तीनही लहान मैदानांवर बाबा खेळले. एका ठिकाणी आडव्या पावसात त्यांचे सहा चेंडू हरवले आणि आईनं काढलेले पाच तासही अपुरे पडले.

शनिवारी त्यांना जुन्या मैदानाशेजारी उंचसखल हिरवळीचं एक छोटं मैदान दिसलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायकांनी ते स्वतःसाठी सुरू केलं होतं, आता कुणीही थोडे पैसे भरून तिथं चेंडू ढकलायला जाऊ शकतं. उंचवट्यांमुळे लोक त्याला हिमालय म्हणतात. हे नाव ऐकून आई म्हणाली, मग आपण जायलाच हवं. तिनं साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट अशा अवतारात आयुष्यात पहिल्यांदा काठी धरली. उताराचा कोन बघायचा आणि मारायचं, असं तिचं म्हणणं. अठरा होल झाल्यावर बाबा हरले होते. बाबा सांगताना शनिवार गाळून थेट रविवारवर येत.

रविवारी ते सकाळीच निघाले. मैदानावर कुत्री होती, बाबागाड्या होत्या, एक आजोबा बाकावर सँडविच खात होते. पलीकडच्या गावी गर्दी लोटली असताना बाबा आणि आई पहिल्या होलपासून चालत निघाले. बाबा कुठं कुठं वाकून गवत उपटायचा मोह आवरत होते. एका खोल वाळूच्या खड्ड्यात ते उतरले, आणि त्यांना वर यायला आईनं हात दिला. अठराव्या होलजवळच्या छोट्या दगडी पुलावर पोचल्यावर ते थांबले. आई म्हणते, त्यांचे डोळे भरले होते. बाबा म्हणतात, तिथं वारा फार.

संध्याकाळी घरमालकीणबाईंच्या टीव्हीवर त्यांनी स्पर्धेचा शेवट पाहिला. सगळ्यांच्या पुढं असलेल्या खेळाडूचा चेंडू शेवटच्या होलला ओढ्यात गेला आणि तो बूट-मोजे काढून, पँट वर दुमडून पाण्यात उतरला. बाबा खुर्चीतून उठून टीव्हीला मराठीत सांगत राहिले, बाबा रे, बाहेर ये, एका फटक्याचा दंड घे आणि मोकळा हो. तो शेवटी बाहेर आला, पण जिंकला नाही. बाबांना रात्री जेवण गेलं नाही.

"बरं झालं आपण तिथं नव्हतो," आई त्यांना म्हणाली. "तुम्हीही पाण्यात उतरला असतात."

ती परत आली तेव्हा तिच्या बॅगेत एक जुनी, हिरवळीवर चेंडू ढकलायची काठी होती. बाबांनी तिथल्या एका दुकानातून तिच्यासाठी घेतलेली. त्या हिवाळ्यात आमच्या अंगणात खुरप्यानं खणलेले तीन होल झाले. शाळेतल्या दोन बाई आणि शेजारच्या काकू शनिवारी दुपारी येऊ लागल्या. खेळ संपला की पोहे असत. बाबा पंच म्हणून खुर्ची टाकून बसत आणि नियम समजावून सांगत, पण त्यांचा निकाल कुणी मानत नसे.