काट्यावरचा नवरदेव

"काटा खोटं नाई बोलत, भाऊ." हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणत असे, कोण जाणे. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं सदऱ्यावरूनच पोटाच्या वळीला लावायची आणि वळी चिमटीत धरायची, ही त्याची सवय. जणू साक्षीदार म्हणून तिला पुढं करायचा.

अमरावतीच्या कापूस बाजारात तो मापारी होता. माळ्याचा मुलगा, पण घरचा भाजीचा मळा भावांवर सोडून काट्यावर आलेला. माझं शिंपीकामाचं दुकान बाजाराच्या फाटकासमोर, त्यामुळे सकाळी पहिली गाडी लागेपर्यंत तो माझ्या बाकावर बसलेला असे. तोलात त्यानं कधी कोणाला दगा दिला नाही. अडते त्याच्यावर खार खाऊन असत आणि शेतकरी त्याच्याच काट्यावर गाडी लावायला धडपडत.

अंगानं मात्र तो चमत्कारिक होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातपाय काडीसारखे, गळ्याची हाडं वर आलेली आणि मध्येच पोट, दुसऱ्या कोणाचं उसनं आणून बांधल्यासारखं. अशा माणसाचा सदरा शिवणं म्हणजे शिंप्याला शिक्षाच. खांद्याला बसवावा तर पोटावर बटण लागत नाही, पोटाला बसवावा तर खांदे लोंबतात.

लग्नही त्या अंगापायीच अडलं. अकोल्याच्या एका भाजीवाल्या घरातली मुलगी त्याच्या मनात भरली होती. मी शिवलेला नवा कोट घालून तो बघायला गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. मुलीचा आजा जुना पैलवान. चहापाणी झाल्यावर म्हाताऱ्यानं त्याचा दंड अंगठ्यात आणि बोटात धरला. बोटांची टोकं एकमेकांना भेटली.

"पोरगा चांगला हाय," आजा म्हणाला. "पन अंगात काई नाई. आमच्या घरची भाजीची टोपली तरी उचलन का हा?"

दुसरा कोणी मान खाली घालून बसला असता. हा ताडकन म्हणाला, "मले पुढच्या आखाजीलोक मुदत द्या, आजा. दहा शेर वाढून येतो. तुमच्याच काट्यावर तोला. नाई भरलो त पोरगी खुशाल दुसऱ्याले द्या."

म्हातारा हसला, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायला हो म्हणाला आणि घरच्या काट्यावर त्याचं त्या दिवशीचं वजन करून ठेवलं. परतीची गाडी मूर्तिजापूरला थांबली. मग राहवलं नाही. म्हटलं, "मापारी, सगळ्या बाजाराचा कापूस तोलता, जिभेवरचा शब्दही तोलायचा होता."

पहिले काही महिने वाया गेले. आईनं तूप आणि कणकेच्या रोडग्यांचा मारा केला. काटा हलला खरा, पण सगळं पोटावर गेलं. घाबरून त्यानं उपास धरले. मग पोट जिथल्या तिथं आणि दंड आणखी बारीक. शेवटी तो आमच्या पेठेतल्या आखाड्यात गेला. वस्तादानं त्याला मागून-पुढून न्याहाळलं आणि विचारलं, "उपाशी बैल वखर वढते का रे? पोटभर भाकर खा, वरन खा, भिजोलेले चने खा, दूध पी. भजे सोड. जोर-बैठका मार अन् रात्री येळेवर झोप. अंग भराले लागलं का पोट आपसूक उतरते."

पहिल्याच दिवशी त्यानं इतके जोर आणि इतक्या बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर बसला तो उठेचना. दोघांनी काखेत हात घालून त्याला काट्यापर्यंत नेला. तिथं हात वर होईनात. गाडीवाले दांडी धरत होते आणि हा खांबाला टेकून, जगात काही दुखत नसल्यासारखा, वजनं पुकारत होता. बाजार आठवडाभर हसला. तो मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात.

दर सोमवारी बाजार उठला की तो स्वतःला कापसाच्या काट्यावर तोलून घेई. आणि दर सोमवारी तोंड पाडून माझ्याकडे येई. काटा जागचा हलत नव्हता. आखाजी जवळ आली तेव्हा तर त्याचं कशातच लक्ष लागेना. इस्त्रीसाठी कोट घेऊन आला, तो हातात द्यायचंही विसरला. मी म्हटलं, एकदा अंगात घाला, पाहू. त्यानं घातला आणि माझे डोळे विस्फारले. खांद्याची शिवण उसवायला आलेली, छातीवर बटण लागेना, आणि कमरेशी माझी मूठ आरामात आत जात होती.

"अहो, हे पाहा!" मी ओरडलो. "छाती भरली, पोट उतरलं. इकडं चढलं तेवढंच तिकडं घटलं, म्हणून काटा हलत नाही."

"म्या दहा शेर म्हनलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "छातीचं नव्हतं म्हनलं."

मी खांदे उसवून कोट मोठा केला, कंबर आत घेतली. त्याचा चेहरा मला बघवेना. हळूच म्हटलं, "अस्तरात शिसं शिवून देतो. कोणाला कळणार आहे?"

त्यानं माझ्या हातून कोट काढून घेतला. "काट्याले फसवू? मंग गाडीवाल्यापुढं कोन्या तोंडानं उभा राहू?"

अकोल्याला अंगणातल्या निंबाला भाजीची पोती तोलायचा काटा टांगला होता. शेजारपाजार जमला होता. कोट आणि टोपी माझ्याकडे देऊन तो पारड्यात बसला. आज्याच्या नजरेनं काटा वाचायच्या आत यानंच वाचला आणि बाजारात पुकारतात त्याच खड्या आवाजात पुकारलं, "दहा शेर नाई. एक शेरबी नाई."

मग खाली उतरला आणि टोपीसाठी माझ्याकडे हात केला. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

मुलगी नुकतीच बाजारातून आली होती. दारात वांग्यांनी भरलेली टोपली तिच्या पायाशी होती. बाजारात बसणारी पोरगी, ती कशाला लाजते! "आजा," ती म्हणाली, "मले काई कापूस नाई घ्यायचा. तुमी टोपलीचं म्हनलं होतं. उचलाले लावा न त्याले."

तो वाकला आणि टोपली एका झटक्यात डोक्यावर घेऊन उभा राहिला. म्हाताऱ्यानं जवळ येऊन पुन्हा त्याचा दंड धरला. बोटांची टोकं एकमेकांपासून चांगली लांब राहिली. "आता हा निंबावरचा काटा सोडा रे कोनी," आजा म्हणाला. यानं सवयीनं दोन बोटं पोटाला लावली, पण तिथं धरायला काही नव्हतं.

त्यांचा संसार सुखाचा झाला. आखाडा त्यानं पुढंही सोडला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो गेला, छातीच्या आजारानं. त्याच्या थोडं आधी त्याची बायको तोच कोट घेऊन दुकानात आली. पुतणीच्या लग्नाला तो घालायचा म्हणत होता. "भाऊ, समद्या बाजूनं आत घ्या," ती म्हणाली. "ढिला झाला त त्याले समजन, अंग किती उतरलं ते. त्याले कळू देऊ नका."

कोटाच्या रंगाचाच दोरा घेऊन मी सारं काम हातानं केलं आणि कोट स्वतः घरी पोचवला. त्यानं तो घातला, बटणं लावली आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. बायको पाणी आणायला आत गेली होती.

"काटा खोटं नाई बोलत, भाऊ," तो हलकेच म्हणाला. "शिंपी बोलते."

तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्यानं छाती फुगवली, बटण ओढून दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पाह्य वं, अजून तंगच होते मले!"

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच खोटं.