जित्यांसाठी गाऱ्हाणं

बायको गेली आणि मी देवाशी बोलणं टाकलं. लोकांना वाटलं रागाने टाकलं. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो नव्हता. दमलो होतो. ज्याच्याशी एवढं बोललो त्याने ऐकलं नाही, मग पुन्हा घसा कशाला कोरडा करा, एवढंच माझं म्हणणं.

आमच्यात देवाशी बोलायची रीत वेगळी, ती आधी सांगतो. आम्ही कोकणातली माणसं. घरातल्या मोठ्या पुरुषाने डोक्यावर टोपी घालायची, देवापुढे पानसुपारी आणि नारळ ठेवायचा आणि मोठ्याने सांगायचं की बाबा रे, असं असं झालंय, अमक्याचं हे अडलंय, तमक्याचं ते अडलंय, मार्गी लाव. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात. भटजी लागत नाही, पोथी लागत नाही. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या गिरणीतल्या माणसालाही ते जमतं. एकेक मागणं संपलं की मागे उभी असलेली माणसं एका सुरात म्हणतात, "होय महाराजा." शेवटी नारळ फोडायचा. अर्ध्यावर गाऱ्हाणं सोडायचं नाही, ते वाईट समजतात.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ. तिथल्या कोकणातल्या घरांत गाऱ्हाणं घालायला मलाच बोलवायचे, कारण माझा आवाज मोठा. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात ओरडून ओरडून तो तसा झालेला. लोक म्हणायचे, हा माणूस कोणाला विसरत नाही, कोणाचं काय दुखतंय ते बरोबर ह्याला ठाऊक. मला घंटा ठाऊक नव्हतं. ते माझ्या बायकोला ठाऊक असायचं. नळावर, रेशनच्या दुकानात, संडासाच्या रांगेत ती सगळ्यांचं ऐकून यायची. गाऱ्हाण्याच्या वेळी माझ्या अगदी पाठीला लागून उभी राहायची आणि हळूच सांगायची, चौथ्या खोलीतल्या म्हातारीचा डोळा, खालच्या बाईच्या पोरीचं स्थळ. ती पुटपुटायची, मी गर्जायचो.

एकदा तिने असंच पुटपुटून माझ्या तोंडून वदवलं की ह्या धन्याची बिडी सुटांदे. मी विचार न करता तेही मोठ्याने बोलून बसलो आणि अख्खी चाळ म्हणाली, होय महाराजा. महिनाभर मला बिडी ओढता आली नाही. जो तो विचारायचा, काय हो, देवाला शब्द दिलाय ना.

गिरणीचा संप झाला, लांबला, आणि आमच्या हातातली कामं गेली ती गेलीच. मग मी अंधेरीला कारखान्यांच्या वसाहतीत गेटवर बसायला लागलो. दिवसभर टेम्पो आत सोडायचे आणि बाहेर सोडायचे. तिथे कोणाशी मोठ्याने बोलायचं काम नव्हतं.

ती आजारी पडली तेव्हा मात्र मी आवाज पुन्हा काढला. पोटात गाठ निघाली होती. रोज सकाळी कामाला जायच्या आधी गाऱ्हाणं घालायचो. गावच्या देवीला, राखणदाराला, मूळपुरुषाला, ज्यांची नावं आठवतील त्या सगळ्यांना. मागे मुलगा आणि सून उभी राहायची. बायको खाटेवर पडून ऐकायची. एके दिवशी ती म्हणाली, "माझा गाऱ्हाणा आता पुरे करा. तुमचो घसो बसलो हा." मी थांबलो नाही. पावसाळा संपता संपता इस्पितळात ती गेली. त्या दिवशी सकाळीही मी गाऱ्हाणं घालून निघालो होतो.

तेरावं झालं. सून देव्हाऱ्यात दिवा लावायला लागली. मी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायचो. खोली दहा बाय बाराची, पाठ करायलाही धड जागा नव्हती. भिंतीला तोंड लावून बसावं लागायचं.

सुनेबद्दल सांगायला पाहिजे. बोरिवलीची मुलगी, बोलायला चटपटीत. आमची ही हयात असतानाच तिला पहिलेपणी सातव्या महिन्यात बाळ झालं, मुलगी. ती रडलीच नाही. मी आणि मुलगा जाऊन तिला पुरून आलो. सुनेला आम्ही तिचं तोंड दाखवलं नाही. बघितलं तर जास्त लागेल असं सगळ्यांचं मत पडलं, माझंही तेच होतं. घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, होईल पुढच्या वेळी. आमच्या बायकोने तेव्हा माझ्याकडे असं बघितलं होतं की मी उठून बाहेर गेलो.

आता बायकोला जाऊन पाच महिने झाले होते आणि सून पुन्हा सात महिन्यांची होती. वर्षाच्या आत घरात कोडकौतुक करायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर करायची कोणाची हिंमतही नव्हती. येत्या रविवारी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. मुलाने जेवताना विषय काढला, बाबा, ती निघायच्या आधी एक गाऱ्हाणं घाला. मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. तो औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होता, आधीच थकून यायचा, आणि मूळचाच गप्प. त्याने बायकोला सांगितलं, राहू दे, बाबांना नको वाटतंय.

तिने राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. ती ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, आईंसाठी रोज घातलंत, माझ्यासाठी एकदा घालायला काय होतंय?

मी म्हटलं, त्याचा काय उपयोग झाला ते बघितलंस ना.

ती म्हणाली, उपयोग मला पण ठाऊक आहे. मला घाबरायला होतं बाबा. सगळे मला म्हणतात घाबरू नको. कोणीतरी मोठ्याने सांगा ना एकदा, की ही घाबरली आहे.

मी म्हटलं, बरं, घालतो. पण मागायचं काय ते तू सांग. मला कोणाचंच काही ठाऊक नसतं. आधी ही सांगायची.

तिने ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, मुलगा दे वगैरे मागू नका. जे होईल ते रडू दे, एवढं मागा. आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "माझी पहिली पण घ्या गाऱ्हाण्यात."

मी सरळ नाही म्हटलं. गाऱ्हाणं जित्यांसाठी असतं. गेलेल्यांचं वेगळं असतं, त्यांचे पिंड असतात, पितृपक्षात त्यांचा म्हाळ असतो.

"एवढ्या लहानाचा पिंड करतात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही करत.

"मग तिचं कुठे सांगायचं?"

मी म्हटलं, रीत नाही म्हणजे नाही. तोंडात येईल ते देवापुढे बोलून चालत नाही, आणि बाळंतपणाला निघालेल्या बाईने असलं मनात आणू नये. तिने ताट पुन्हा मांडीवर घेतलं. त्या दिवशी भातात दोनदा खडा लागला.

रविवारी सकाळी तिचा भाऊ आला. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. मी कपाटातून टोपी काढली. पानसुपारी मांडली, नारळ शेंडी वर करून ठेवला. मागे मुलगा, सून, तिचा भाऊ आणि चौथ्या खोलीतली ती म्हातारी, आवाज ऐकून आलेली. पाठीमागे, अगदी जवळ, जागा मोकळी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, पण तिथे कोणी उभं राहिलं नाही.

पाच महिन्यांनी तोंड उघडलं. वाटलं होतं शब्द यायचे नाहीत. आले. तोंडाला सवय असते, माणसाला असो नसो.

"बा देवा महाराजा, आज ह्या घरची सून म्हायेराक चल्ली हा. तिका सुखरूप ने, सुखरूप परत हाड."

होय महाराजा.

"तिच्या वाटेत काय आडवा-तिडवा असात, तां बाजूक कर."

होय महाराजा.

"ती घाबारली हा. तिका धीर दी. जां काय होतला तां रडांदे."

होय महाराजा. सुनेचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला.

मग मी नेहमीच्या वाटेला लागलो, आधी मुलाचं. झिलाच्या कामधंद्याक यश दी. होय महाराजा. चौथ्या खोलीतल्या आजयेच्या डोळ्याक उजेड दी. होय महाराजा, म्हातारी स्वतःच सगळ्यांच्या आधी म्हणाली.

"आणि घरकारणीच्या गुडघ्यांक आराम दी."

"होय महाराजा."

सगळे म्हणाले. मुलगा म्हणाला, सून म्हणाली, म्हातारी म्हणाली. म्हणून झालं आणि मग कळलं.

घरकारीण म्हणजे घरची बाई, माझी बायको. खालच्या नळावरून हंडे चढवून तिचे गुडघे गेले होते, आणि वीस वर्षं प्रत्येक गाऱ्हाण्यात मुलाचं आणि शेजाऱ्यांचं झालं की तिचे गुडघे यायचे. ते तिने कधी पुटपुटून सांगितलं नाही. तेवढं एकच मी स्वतःच्या मनाने मागायचो.

मुलाने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता, सगळी धावपळ त्याच्यावरच होती. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि ती बोलू लागली की राहू दे रे, चुकतं माणसाचं. भाऊ बिचारा नवखा, त्याला काय झालं तेच कळेना. मी नुसता नारळाकडे बघत उभा. मला वाटलं टोपी काढावी आणि बसावं. अर्ध्यावर राहिलं तर राहिलं.

तेव्हा सून मागून म्हणाली, "पुढे बोला बाबा. माझी राहिलीय अजून."

मी मागे वळून बघितलं. ती एक हात पोटावर ठेवून उभी होती, डोळे कोरडे, माझ्याकडे रोखून बघत. रीत नाही असं मी तिला बजावलं होतं आणि त्याच तोंडाने आता सगळ्यांसमोर माझ्या मेलेल्या बायकोचे गुडघे मागून बसलो होतो.

मी पुन्हा देवाकडे तोंड केलं. आवाज फाटला होता, तसाच बोललो. "आणि ह्या घरची एक पोर. नाव ठेवूक मिळाला नाय. आम्ही तिका आईक दाखवली नाय, ती आमची चूक. ती खंय असात थंय तिका सांभाळ. आजयेकडे ती पोचली असात तर बरा."

आजयेकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे, हे माझं मलाच कुठून सुचलं ठाऊक नाही. आधी असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मागून होय महाराजा लगेच आलं नाही. आधी एकटी सून म्हणाली. मग मुलगा म्हणाला, भिंतीकडे तोंड करूनच. मग बाकीचे.

नारळ मुलाने फोडला. सुनेने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, माझ्या पाया पडली, पिशवी भावाच्या हातात दिली आणि हळूहळू डोंगर उतरली. खाली रिक्षापर्यंत मुलगा गेला. मी गेलो नाही, कामाचा रोजचा चढ-उतारच मला पुरे होता. दारात बसून राहिलो. म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, डोळ्याचं सांगितलंस ते बरं केलंस, पण आता दुसरा पण जायला लागलाय, पुढच्या वेळी दोन्ही सांग. मी म्हटलं, सांगेन.

त्यानंतर काही मी सुधारलो असं नाही. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायचं सोडलं, कारण भिंत बघून मान दुखायची. मुलगा रात्रपाळी नसेल तेव्हा माझ्याशेजारी बसून आईचं काहीबाही बोलायला लागला. बहुतेक तिच्या जेवणाचंच. तिचं कालवण कोणालाच जमत नव्हतं, त्यालाही नाही, मलाही नाही. आम्ही दोघं मिळून करायचो आणि दोघं मिळून टाकून द्यायचो.

दोन महिन्यांनी भर दुपारी सुनेचा भाऊ अंधेरीला माझ्या गेटवर आला. एक टेम्पो आत जायचा होता, तो मध्येच उभा. भाऊ म्हणाला, मुलगी झाली. थोडं घाबरत म्हणाला, मी काय म्हणेन ह्या विचाराने.

मी विचारलं, "रडली?"

तो म्हणाला, "अहो, रडली काय, अख्खं इस्पितळ डोक्यावर घेतलं."

टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला. मी गेट उघडलं, वहीत नंबर लिहिला, एक आकडा चुकला, खोडून पुन्हा लिहिला. सहा वाजेपर्यंत ड्यूटी केली.

घरी आलो तेव्हा मुलगा परस्पर बोरिवलीला गेला होता. पानसुपारी नव्हती, नारळ नव्हता, आणायला पुन्हा खाली उतरायचं त्राण नव्हतं. टोपी तेवढी घातली. देवापुढे उभा राहून म्हटलं, रडली. आणखी काय सांगायचं ते सुचेना. मागे कोणी नव्हतं म्हणून होय महाराजा मीच म्हटलं, आणि पाय दुखत होते, तिथेच खाली बसलो.