शाहूवाडीतली अंगतपंगत

हातकणंगले मागं पडलं आणि समोरच्या बाकावरच्या मावशी मला म्हणाल्या, "आलं की कोल्हापूर! बॅग काढा पावणं." मी बाईमाणूस असून पावणं (पाहुणे) कशी, असा प्रश्न मला पडला. पुढं कळलं की इथं बाई असो, बुवा असो, अनोळखी माणूस हा पावणंच असतो. खिडकीबाहेर बघावं तिकडं ऊस. आपल्या वाशिमची माणसं सोयाबीन आणि तूर बघण्याला सरावलेली. एवढा हिरवा रंग बघून माझा प्रवासाचा शीण गेला.

मी कशाला निघाले होते ते आधी सांगते. माझे बाबा बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि आज मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. हे मी जाईन तिथं सांगते. कष्टानं मिळवलेलं झाकून कशाला ठेवायचं? आता मला संशोधन करायचं होतं: खेड्यातली फिट येणारी माणसं उपचारापर्यंत का पोचत नाहीत? त्यासाठी पैसा हवा. आपल्याकडच्या शिकणाऱ्या पोरापोरींनी हे नीट वाचावं. नव्या डॉक्टरांना संशोधनासाठी पैसा देणारे निधी आहेत. कुणी परदेशी शिकायला पाठवतं, कुणी प्रयोगशाळेला मदत करतं, कुणी वयाची अट घालतं. पण बहुतेक ठिकाणी विचारतात, "आधी कोणतं संशोधन केलंत?" म्हणजे पोहता येत असेल तरच विहिरीत उतर! मी अर्ज करत राहिले, नकार येत राहिले. शेवटी एका निधीनं मला अखेरच्या फेरीपर्यंत आणलं. त्यांची अट एकच होती. जिथं काम करणार ते गाव त्यांच्या परीक्षक मॅडम स्वतः येऊन बघणार.

गाव माझं नव्हतं, समीरचं होतं. समीर मुजावर माझा कॉलेजातला मित्र. शाहूवाडीकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. तो स्टेशनवर आला आणि मला थेट गंगावेशीत घेऊन गेला. तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्यासमोर ग्लासात धार काढून देतो. फेसाळलेलं, कोमट दूध.

"कुठनं आलासा?" गवळ्यानं विचारलं.

"वाशिमहून."

"एवढ्या लांबनं येऊन एकच ग्लास? त्या ग्लासाला वाईट वाटंल की!"

मी दोन प्यायले. समीर माझ्या पांढऱ्या मिशा बघून हसत होता. "उद्या मॅडमना पण आणू हितं."

"त्या पिणार नाहीत," मी म्हणाले. नियमच तसा होता. परीक्षकांनी अर्जदाराकडून किंवा त्याच्या माणसांकडून काहीही घ्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

समीरचा चेहरा पडला. "कोल्हापुरात? अवघड हाय गं."

सकाळी मॅडम आल्या. धारवाडच्या, निवृत्त प्राध्यापक, सुती साडी, हातात पितळी कडीचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटली. मराठी कानडी वळणाची, पण स्वच्छ. पेट्रोलचे पैसे त्यांनी आधीच समीरच्या हातात ठेवले आणि त्याची गाडी रत्नागिरीच्या रस्त्याला लागली. पन्हाळा उजवीकडं मागं सरकला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, वर बैलाच्या शिंगांसारखी बाहेर आलेली कांडी, आणि कान फोडणारी गाणी. रस्ता अरुंद, ओलांडायला जागा नाही. चढावर तो थांबला तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून आमच्या खिडकीशी आला. मला वाटलं भांडायला. त्यानं कांडं पुढं केलं. "तुमास्नी ताटकळत ठेवलं. खावा की."

मी घेतलं. मॅडमनी हात जोडले. ड्रायव्हर समीरला म्हणाला, "आज्जींचं दात दुखत्यात काय?" मॅडम तोंड फिरवून हसल्या, पण घेतलं नाहीच.

शाहूवाडीकडं डोंगर जवळ येतात. उतारावर भाताची खाचरं, कापणी झालेली, अंगणात मळणी चाललेली, हवेला ताज्या पेंढ्याचा वास. गावातलं पहिलं घर शेवंताकाकूंचं. सहा फुटी बाई, आवाज त्याहून उंच. भावकीत कुणाचं भांडण झालं की निवाडा त्यांच्या ओट्यावर होतो, असं समीरनं सांगून ठेवलं होतं. बसायला घोंगडं टाकलं आणि लगेच चहा आला.

"मला नको," मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

काकूंचा हात तसाच थांबला. "कसला नियम? आमच्या चुलीवरचा चा चालत न्हाई व्हय?"

मी समजावू लागले: निधी, परीक्षक, निःपक्षपातीपणा. माझं मलाच ते पुस्तकातलं वाटत होतं. काकूंनी कपबशा उचलल्या, आत ठेवल्या, पदर दोन्ही हातांवर ओढून बसल्या. मॅडमनी विचारलं, "घरात कुणाला फिट येते?"

"न्हाई."

शेजारच्या घरी गेलो. तिथं चहा पुढं आलाच नाही. आमच्या आधी बातमी पोचली होती. "फिट?" "न्हाई." तिसऱ्या घरीही "न्हाई." समीरला ठाऊक होतं की या आळीत आजारी माणसं आहेत. रात्री-अपरात्री त्यालाच बोलावणं येतं. पण नावं सांगणं त्याला शोभलं नसतं आणि त्यानं ती सांगितली नाहीत.

मॅडमनी फाइल मिटली. "सविता, माणसंच बोलणार नसतील तर तुमचं काम इथं कसं होणार?"

माझ्या अर्जात एका घराला वीस मिनिटं धरली होती. वीस मिनिटांत वीस वेळा "न्हाई" ऐकून झालं असतं. वाटलं, संपलं.

दुपार झाली. मॅडम फणसाखाली बसून आपला डबा उघडायला लागल्या. माझ्या पिशवीत आईच्या दशम्या होत्या. निघताना बाबांनी त्या कोंबल्या होत्या. "लोकायच्या गावात उपाशी राहू नोको," म्हणाले होते. मी दशमी काढली आणि मला आमची शाळा आठवली. शनिवारी कडुनिंबाखाली सगळ्यांचे डबे मध्ये. कुणाची पोळी, कुणाची भाकर, माझ्याकडं नुसता ठेचा असायचा. तिथं कुणी कुणाला वाढत नव्हतं, म्हणून कुणाचे उपकारही नव्हते.

मी धावत काकूंच्या ओट्यावर गेले. "काकू, तुमची भाकरी घेऊन झाडाखाली या. मॅडमचा डबा आहे, माझ्या दशम्या आहेत. सगळं मध्ये ठेवू."

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हंजे पावणं कोण?"

"कुणीच नाही."

"आन् घरधनी?"

"तोही नाही."

"आगं मग अंगतपंगत म्हण की सरळ! सकाळधरनं नियम नियम करून डोस्कं उठीवलंस."

मॅडमनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "ही देवाणघेवाण झाली, पाहुणचार नाही. पण मी अहवालात हे लिहीन."

"लिवा की," काकू म्हणाल्या. "खर्ड्याचं बी लिवा."

हां हां म्हणता आळी गोळा झाली. तांदळाच्या भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी, दही, आणि खर्डा (आपला ठेचा, पण आपल्याला वाटतं तेवढे आपणच तिखट नाही, हे मी कबूल करते). मॅडमच्या डब्यात चित्रान्न (फोडणीचा लिंबूभात) आणि कडक ज्वारीची भाकरी. ती मोडताना कडाकड आवाज झाला. "आक्का, ही भाकरी हाय का कौल?" कुणीतरी विचारलं आणि पहिल्यांदा सगळे हसले. मॅडम आक्का झाल्या होत्या.

काकू खर्डा पुढं करत होत्या. त्यासाठी त्यांना हात पदराबाहेर काढावा लागला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, सुरकुतलेला व्रण. मॅडमचा घास हातातच राहिला.

"कसं भाजलं?" त्यांनी हळू विचारलं.

"चुलीवर."

"भाजताना हात ओढून घेतल्याचं आठवतं?"

काकूंचा उंच आवाज खाली आला. "न्हाई आठवत. जागी झाले तवा हात जळालेला हुता." मग त्या आळीकडं न बघता म्हणाल्या, "मलाच येतीया फिट. लगीन व्हायच्या आधीपास्नं."

शेजारच्या हिराबाई एकदम म्हणाल्या, "आगं शेवंता, माझ्या मालकास्नी बी येतीया! तुला कळू ने म्हणून मी दार लावून घेतीया!"

"आन् मी तुला कळू ने म्हणून!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. "एका भिताडाच्या दोन बाजूला लपून बसलोय की गं आपण!" काकू म्हणाल्या आणि अशा हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. मग एकेक घर बोलू लागलं. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा. समीरनं एकाला घोंगड्यावर आडवं करून दाखवलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, जवळ थांबायचं. मॅडम लिहीत होत्या, एका हातात पेन, दुसऱ्यात भाकरी. उन्हं कलली तरी कुणी उठेना. पुढं आठवडाभरात स्वतः काकू आणि हिराबाईंचे मालक समीरच्या दवाखान्यात तपासणीला गेले, एकाच रिक्षातून.

त्या दिवशी मला परतीच्या गाडीत बसवायला समीर आला होता. मॅडमनी जाताना निर्णयाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, "तुमच्या अर्जात यंत्र आहे, प्रवास आहे. जेवायचा वेळ कुठं आहे?"

घरी आले तर बाबा दारातच. "काय व माय, भेटलं काय?"

"माहीत नाही बाबा. पण दशम्या कामी आल्या."

महिन्याभरानं होकार आला. त्यात एक दुरुस्ती होती. एका घराला वीस मिनिटं, हे खोडून तिथं लिहिलं होतं: एका घराला एक जेवण. मी ते बाबांना वाचून दाखवलं. शिकलेल्या मुलीचं काम अडलं होतं आणि ते त्यांच्या शिदोरीनं सोडवलं, हे ते आता बाजार समितीत सगळ्यांना सांगतात. अभिमान झाकून ठेवायचा नाही, हे आमच्या घरातच आहे.

मी काकूंना फोन केला. येतेय म्हणाले, आता कायमचं येणंजाणं सुरू होईल म्हणाले.

"ये की," काकू ओरडल्या. "पर डबा घेऊन ये. मोकळ्या हातानं आलीस तर पावणी म्हणून ओट्यावर बसवीन!"