एका तारेचा दिवा

छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवून घरी बसलेल्या बाईला "तुम्हाला नाय कळायचं" असं सांगू नये. काशीरामनं सांगितलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

काशीराम गोखिवऱ्याचा वायरमन. हात चांगला, पण जिभेला हाड नाही. मार्चमध्ये एका संध्याकाळी क्लेमेंटीन बाई वाडीतल्या विहिरीवर हात धुवायला गेल्या आणि पंपाच्या लोखंडी पाईपनं त्यांना सणकून चावा घेतला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तसा तो पाईप अधूनमधून चावायचाच. घरातल्या बायका त्याला खोडकर म्हणून सोडून द्यायच्या. पण हा चावा वेगळा होता. आणि मेच्या शेवटी ॲनिशाचं, म्हणजे एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलेलं होतं.

लग्नाचा इथे काय संबंध, तर असा. या घराण्यात लग्नाच्या आदल्या सांजेला वाडीतल्या क्रुसापाशी दिवा लावतात, प्रार्थना म्हणतात आणि मग सगळ्या बायका-पोरी वाजतगाजत विहिरीचं पाणी भरायला जातात. अनवाणी. रहाट काढून पंप बसवला त्याला जमाना झाला, तेव्हापासून घडे पाईपच्या तोंडाशी भरतात. ओले पाय, ओले हात आणि तो पाईप. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काशीराम आला. त्यानं मोटर उघडली, पाईपला टेस्टर लावला आणि मान हलवली.

"कायपन नाय, बाई. पानी असतं तिथं जरा मुंग्या येतात. चप्पल घालून जात जा."

"मुंग्या का येतात पण?"

"ते तुम्हाला नाय कळायचं," असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि तो गेला.

बाईंनी त्याच दुपारी ॲनिशानं प्रार्थना ऐकायला दिलेला टॅब उघडला आणि त्यावर टाईप केलं, 'करंट म्हणजे काय'.

केवढं भांडार निघालं म्हणता. मराठीतून शिकवणारा एक तरुण मास्तर होता, तो दर वाक्याला "तर मित्रांनो" म्हणायचा. इंग्रजीतून शिकवणारा एक म्हातारा होता, तो पाण्याच्या टाकीची उदाहरणं द्यायचा. एका संस्थेचा फुकट अभ्यासक्रम होता, प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. बाईंनी जुनी हजेरीवही काढली, मुलांच्या नावांच्या जागी मास्तरांची नावं लिहिली आणि पुढे गुण द्यायला घेतले. तर-मित्रांनोला दहापैकी सहा, शेरा: 'विषय येतो, घाई फार.' म्हाताऱ्याला नऊ. स्वतःला पहिल्याच परीक्षेत सात पडले तेव्हा मात्र बाई दिवसभर कोणाशी नीट बोलल्या नाहीत, आणि रात्री जेवणाआधी पुन्हा परीक्षेला बसून त्यांनी दहापैकी दहा काढले.

नवरा लुईस मजा बघत होता. केळी आणि सोनचाफा यांच्यापलीकडे ज्याला जगाचं फारसं काही पडलेलं नाही असा हा शांत माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे इंजिनेर झालाय. आता पंखा बिघडला की अर्ज करायचा."

बाईंना राग यायचा नाही. खरं सांगायचं तर त्या सुखात होत्या. इतकी वर्षं शिकवलं, पण स्वतः शिकायला बसण्याचं सुख कुठे हरवलं होतं, ते सापडलं. दुपारी दोन ते चार ओसरीत टॅब, वही, चष्मा आणि बशीत फणसाचे गरे.

मेच्या सुरुवातीला त्यांना इंटरनेटवर एक जागा सापडली जिथे पडद्यावरच सेल, तारा आणि बल्ब जोडता येतात. जोडणी बरोबर झाली की तारेतून पिवळे ठिपके पळतात आणि बल्ब पेटतो. बाईंनी सेलपासून बल्बपर्यंत एक तार ओढली. पेटला नाही. दुसऱ्या टोकानं ओढली. नाही. खाली ओळ आली: वाट पूर्ण करा, गेलेला करंट परत आला पाहिजे.

"का म्हणून?" बाई पडद्याला म्हणाल्या. "आमचा पेटतो की एका तारेवर."

आणि त्यांच्या हातातला गरा तसाच राहिला.

हे सांगायला हवं. लुईसचे वडील जेम्स, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी क्रुसावर विजेचा दिवा लावला. घर वाडीच्या या टोकाला, क्रूस आणि विहीर त्या टोकाला. सुपारीच्या झाडांवरून त्यांनी स्वतःच्या हातानं तार नेली, आणि ती एकच. दिवा पेटला. आळीतले लोक बघायला आले, फादरही येऊन गेले. "आमच्या क्रुसाचा दिवा एका तारेवर जळतो," जेम्सबाबा मरेपर्यंत सांगत राहिले आणि नंतर लुईस सांगू लागला. देवाची करणी म्हणा, बाबांची श्रद्धा म्हणा. चर्चची सांजेची घंटा झाली की लुईस घरातलं बटण दाबायचा. आजारपणं सोडली तर एक दिवस चुकला नव्हता. त्या घरात तो दिवा म्हणजे जेम्सबाबाच होते.

आता पहिलीतला धडा म्हणतो की असं होतच नाही.

बाईंनी नवशिक्यांसाठीच्या एका ऑनलाईन मंचावर प्रश्न टाकला. शाळा तपासनीसाला अर्ज लिहावा तशा इंग्रजीत, सविस्तर, शेवटी 'आपली नम्र'. अर्ध्या तासात तिघांची उत्तरं. एकाच्या नावाऐवजी मांजराचा फोटो होता, त्यानं लिहिलं होतं: 'मॅडम, त्या पाईपला हात लावू नका. घरातला मेन स्विच बंद करा आणि दिव्याची दुसरी तार कुठे जाते ते बघा.'

मेन स्विच बंद करून बाई खुरपं घेऊन गेल्या. क्रुसाच्या चौथऱ्यामागून होल्डरची दुसरी तार खाली उतरत होती, मातीत शिरत होती. वीतभर उकरत, वीतभर उकरत त्या विहिरीच्या काठापर्यंत आल्या. तार पंपाच्या लोखंडी पाईपला पट्टीनं आवळलेली होती. परतीची तार नव्हतीच. दिव्याचा करंट पाईपात यायचा आणि पाईपातून जमिनीत. जमिनीलाच दुसरी तार केलं होतं. बाई तिथेच काठावर बसल्या आणि त्यांना सगळं एकामागून एक कळत गेलं. गेल्या वर्षी लुईसनं विहिरीत बुडणारा गंजका पाईप काढून खाली प्लास्टिकचा घातला. तेव्हापासून दिवा मंद झाला होता, आणि लुईस व्होल्टेजला शिव्या देत होता. लोखंड पाण्याला लागत नाही, करंटला जमिनीत शिरायला वाट अरुंद, म्हणून तो पाईपातच साठल्यागत राहणार आणि हात लावेल त्याच्या अंगातून जाणार. आणि काशीराम सकाळी दहाला आला होता. सकाळी दिवा कुठे पेटतो?

वसई स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी व्होल्टेज मोजायचा मीटर आणला. पाईपापासून लांब, ओल्या मातीत खिळा ठोकला, मीटरची एक काडी खिळ्याला, एक पाईपला, पायात जाड रबरी चप्पल, म्हाताऱ्या मास्तरानं सांगितलं होतं अगदी तस्सं. सकाळी मीटरवर शून्य. सांजेची घंटा झाली, घरातून लुईसनं बटण दाबलं आणि आकडा उठून एकसष्ट व्होल्टवर बसला.

जेवताना त्यांनी लुईसला सांगितलं. हळू सांगितलं, पण सांगितलं.

लुईसनं घास खाली ठेवला. "म्हणजे बाबांनी चूक केली."

"त्या वेळच्या वायरमननं जे सांगितलं ते त्यांनी केलं. मी दिवा काढा म्हणत नाही. परतीची तार घालू."

"मग तो बाबांचा दिवा राहील का?" तो उठला, हात धुतला आणि ओसरीत जाऊन बसला. "लग्नाला दिवा लागेल, तो आहे तसाच लागेल," एवढंच बाहेरून म्हणाला.

दोन दिवस घरात फक्त मीठ दे, पाणी दे. बाईंना वाईट वाटत होतं. माणूस चुकीचा नव्हता, दुखावलेला होता. पण लग्नाला वीस दिवस उरले होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पाईपला हात लावणारी पोरं येत होती. वर्गात असा एखादा हट्टी मुलगा असायचाच. त्याला समजावून काही होत नाही, त्याच्या हातात खडू द्यावा लागतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टॅब लुईसच्या मांडीवर ठेवला. "हा दिवा पेटवून दाखवा. एका तारेवर."

लुईसनं केळीचा घड तोलणाऱ्या बोटांनी तार ओढली. नाही पेटला. पुन्हा ओढली. सेल बदलून बघितला. मग बऱ्याच वेळानं, कोणी न सांगता, त्यानं दुसरी तार ओढून सेलला आणून भिडवली. पिवळे ठिपके पळायला लागले. तो त्या ठिपक्यांकडे बघत बसला.

"बाबा मला म्हणायचे," तो म्हणाला, "विहिरीवर चपलेशिवाय जायचं नाही. शेवाळ असतं. भर मे महिन्यात कसलं शेवाळ, मी कधी विचारलं नाही. मीही ॲनिशाला तेच सांगत आलो."

बाईंनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"त्यांना माहीत होतं गं, चावतं ते. का चावतं ते माहीत नसेल." मग त्यानं टॅब बाजूला ठेवला आणि एकदम मान वर केली. "क्लाराच्या लग्नात आत्याच्या हातून घडा सुटला."

क्लारा लुईसची बहीण. तीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नाच्या पाण्याला रोवेना आत्यानं, म्हणजे जेम्सबाबांच्या धाकट्या बहिणीनं, पहिला घडा भरला होता. पाईपला हात लागला, ती किंचाळली आणि घडा दगडावर फुटला. काहींनी अपशकुन म्हटलं, बाकीचे हसले. तेव्हापासून ती 'घडाफोडी आत्या'. शेजारच्याच घरात राहते, आता चौऱ्याऐंशीची आहे, आणि या घराच्या एकाही लग्नात तिनं पुन्हा घड्याला हात लावला नव्हता. ॲनिशानं महिनाभर विनवलं होतं, तरी एकच उत्तर: "नको बाई, माझ्या हाताला गुण नाही."

"काशीरामला फोन कर," लुईस म्हणाला.

"सांजेच्या घंटेनंतर ये," बाईंनी फोनवर सांगितलं. तो आला आणि त्यानं मीटर बघितला. "बाई, मी सकालचा आलो होतो," तो म्हणाला. बाईंनी त्याला टाकून बोलायची आयती संधी सोडून दिली आणि चहा ठेवला. पुढचे दोन दिवस त्यानं मन लावून काम केलं. दिव्याला घरापासून दुसरी तार, पंपाला वेगळं अर्थिंग, आणि करंट कुठे गळला तर आपोआप पडणारा स्विच. जाताना त्या म्हाताऱ्या मास्तराचं नावही लिहून घेतलं. हजेरीवहीत काशीरामला आठ गुण आहेत. दोन जिभेचे कापले.

सुपारीवरून नेलेली बाबांची तार काशीराम बदलणार होता. लुईसनं बदलू दिली नाही. ती तपासली, धड निघाली, म्हणून तीच ठेवली आणि नवी तिच्या शेजारून नेली.

लग्नाच्या आदल्या सांजेला वाडीत माणूस मावत नव्हता. घंटा झाली. लुईसनं बटण दाबलं आणि दिवा असा लख्ख लागला की लोकांनी वळून पाहिलं. दुपारी दिवा लावून बाईंनी मीटर बघितला होता, आताही बघितला. शून्य. प्रार्थना संपली, ब्रासबँडवाल्यांनी सूर धरला. विहिरीच्या अलीकडे चपलांची रांग लागली. त्या रांगेच्या शेवटी लुईसनं आपल्या रबरी चपला काढून ठेवल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिथे अनवाणी चालत होता, आणि हे फक्त बाईंच्या लक्षात आलं.

तो सरळ गर्दीच्या कडेला खुर्चीत बसलेल्या रोवेना आत्याकडे गेला आणि तिच्या मांडीवर घडा ठेवला.

"लुईस, नको रे. पुन्हा फुटेल."

"आत्या, तेव्हा तुझ्या हातून नव्हता फुटला. पाईपात करंट होता. बाबांच्या दिव्याचा. क्लेमेंटीननं शोधून काढलं."

आत्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

"करंट होता," आत्या म्हणाली. "आणि तीस वर्षं मला हसलात."

बँडवाले वाजवायचे थांबले. लुईसनं तिचे दोन्ही पाय आपल्या हातानं चपलेतून मोकळे केले, ॲनिशानं तिला दंडाला धरून उठवलं आणि तिघं काठापर्यंत गेली. आत्यानं आधी एक बोट पाईपला लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग पुन्हा लावलं. मग अख्खा तळवा.

घडा भरला, काठावरून पाणी वाहायला लागलं, तिच्या पायांवरून जाऊन केळीत शिरलं. "आत्या, भरला," ॲनिशा म्हणाली. पण आत्यानं पाईप सोडला नाही. तशीच उभी राहिली, हात ठेवून, आणि सगळे तिच्यासाठी थांबून राहिले.